आगळाच्या बाटलीवरची आडवी रेघ

गेल्या आठवड्यात नणंदेचा मुलगा फोंड्याला आमच्या छापखान्यात आला. एका हातात फणसाच्या साटाचे पुडके, दुसऱ्या हातात मोबाइल, मोबाइलवर संकेतस्थळासाठीच्या चार नावांची यादी. "मामी, यांतले एक नाव आज विकत घ्यायचे आहे. मधे रेघ घालू की नको?"

मी हातातले जत्रेच्या पत्रकाचे प्रूफ बाजूला ठेवले आणि त्याला बसायला सांगितले. त्याच्या आईच्या संकेतस्थळाचे नाव मीच ठरवले होते, त्यातली रेघही माझीच. तिच्यापायी त्या बाईने आठ वर्षे जे सोसले ते त्याला ठाऊक नव्हते. तेव्हा तो शाळेत होता.

आधी रेघेशी माझे नाते सांगते. सासरच्या छापखान्यात मी तीस वर्षे प्रुफे तपासते आहे. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रके, गावोगावच्या नाटकांची हँडबिले. घरात आम्ही कोकणी बोलतो आणि कागदावर मराठी लिहितो, गोव्यात पुष्कळांचे असेच आहे. संयोगचिन्ह हे माझे आवडते चिन्ह. 'आई-वडील' लिहिताना ती छोटी रेघ दोन शब्दांना जवळ आणते आणि तरीही दोघांना आपापल्या जागी ठेवते. ओळीच्या शेवटी शब्द तुटला तर तीच रेघ वाचकाला सांगते, 'थांब, अजून आहे.' म्हणून २०१३ साली नणंदेसाठी नाव घ्यायची वेळ आली तेव्हा रेघ घालताना मला काही वावगे वाटले नाही. उलट बरेच वाटले.

तिचे कुळागर सावईवेऱ्याच्या बाजूला आहे. पोफळी, माड, मिरवेली, जायफळ आणि कडेने भिरंडीची, म्हणजे कोकमाची, झाडे. एप्रिल-मेमध्ये भिरंडे पिकली की घरातल्या बायका आगळ काढतात: पिकलेल्या सालींना मीठ लावून सुटलेला रस, त्यात पाण्याचा थेंब नाही. नीट केलेले आगळ वर्षभर टिकते. सासूबाईंच्या वेळी ते पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, सामानाबरोबर बरणीत जायचे आणि पावसाळाभर सोलकढीला पुरायचे. नणंदेने ते बाटल्यांत भरून विकायला घेतले. नाव ठेवले 'गोवा आगळ'. साधे, खरे, सगळ्यांना कळणारे.

संकेतस्थळासाठी हे नाव इंग्रजी अक्षरांत जोडून लिहून बघितले आणि तिथेच अडले. 'गोवा'च्या शेवटी ए, 'आगळ'च्या सुरुवातीलाही ए. दोन ए शेजारी शेजारी आले की डोळा गोंधळतो आणि बोट एकच ए दाबते. त्यात जोडून लिहिलेले नाव दुसऱ्या कुणीतरी आधीच घेऊन ठेवले होते. तिथे दुकान नव्हते, माहिती नव्हती, 'हे नाव विकणे आहे' एवढेच एक पान होते. मागितलेली रक्कम आमच्या एका हंगामाच्या आगळापेक्षा जास्त. रेघेचे नाव मात्र मोकळे होते, नेहमीच्या किमतीत. मी म्हटले, रेघच घेऊ. वाचायला स्वच्छ, दोन ए वेगळे, आणि कुणाला पैसे मोजायला नकोत.

मी नियमही वाचले होते. संकेतस्थळाच्या नावात इंग्रजी अक्षरे, अंक आणि ही एकच रेघ चालते, खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोअर, चालत नाही. रेघ नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी येऊ शकत नाही. ठिपक्यांच्या मधल्या एका तुकड्यात जास्तीत जास्त ६३ अक्षरे, हे १९८७ सालापासून ठरलेले आहे. आमचे नाव सगळ्या नियमांत बसत होते. ते लोकांच्या तोंडात बसते का, हे मात्र मी बघितले नाही.

पहिला धक्का जानेवारीत, पणजीच्या लोकोत्सवात. कांपालला नणंदेचा स्टॉल होता आणि मी मदतीला. गिऱ्हाईक बाटली घेऊन विचारायचे, "वेबसाइट आहे?" नणंद सांगायची, "गोवा डॅश आगळ डॉट कॉम." कुणी तिथेच मोबाइल काढून लिहायला लागे आणि थांबे. डॅश म्हणजे कुठला? वरचा की खालचा? कुणी 'डॅश' हा शब्दच इंग्रजी अक्षरांत लिहून मोकळे होई. "हायफन" म्हटले तर तरुणांना कळे, वयस्कांना नाही. "मायनस" म्हटले तर उलट. मोबाइलवर ती रेघ अक्षरांच्या पानावर नसतेच, आकड्यांच्या आणि चिन्हांच्या पानावर जावे लागते. तिथे ती सापडेपर्यंत मागचे गिऱ्हाईक पुढे सरकलेले असे. पेडण्याहून आलेल्या एका आजींनी बाटलीवरच्या नावावर बोट ठेवून विचारले, "तें मदलें कितें गो?" नणंदेने उत्तर दिले. मला मात्र तो प्रश्न टोचला.

गोव्यात नावाचे स्पेलिंग हा आधीच नाजूक विषय आहे. आपण म्हापसा म्हणतो, पाटीवर एच नसतो. डिचोलीचे बिशोलिम, साखळीचे सांकेलिम, केप्याचे केपेम. पोर्तुगीज कागदांतून आलेली आडनावे एकाच घरात दोन तऱ्हेने लिहिली जातात. इथला माणूस कुठलेही नाव लिहिण्याआधी 'स्पेलिंग सांगा' म्हणतो, ती त्याची सवयच आहे. आगळातला ए एक की दोन, ळ साठी एल एक की दोन, एवढे सांगेपर्यंतच दम लागतो. त्या ओझ्यावर मी आणखी एक काडी ठेवली होती.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली, कारण ती माझ्या धंद्यातली होती. एका वर्तमानपत्रात आम्ही छोटी जाहिरात दिली. स्तंभ अरुंद. नाव नेमके रेघेवर तुटले: 'गोवा-' वरच्या ओळीत, 'आगळ डॉट कॉम' खालच्या ओळीत, सगळे इंग्रजी अक्षरांत. आता ओळीच्या शेवटी रेघ दिसली की वाचक काय करतो? शाळेत शिकवले तेच. रेघ मनातल्या मनात काढून टाकतो आणि शब्द जोडतो. तसे जोडून लिहिले की माणूस थेट 'हे नाव विकणे आहे' या पानावर जाऊन पोचत होता. वाचकाची चूक नाही, वर्तमानपत्राचीही नाही. ज्या रेघेचे काम ओळीच्या शेवटी नाहीसे व्हायचे आहे, तिलाच मी नावाच्या पोटात बसवले होते.

आणि एकदा आमच्याच छापखान्यात. हँडबिल लावताना संगणकाने आपण होऊन साध्या रेघेची लांब रेघ केली. कागदावर ती उलट सुबक दिसली, मीही प्रूफ वाचून सही केली. पण तेच हँडबिल व्हॉट्सअॅपवरून फिरले, लोकांनी त्यातले नाव उचलून ब्राउझरमध्ये टाकले आणि ते कुठेच पोचेना. डोळ्याला दोन्ही रेघाच. संगणकाच्या लेखी ती दोन निराळी चिन्हे आहेत, आणि नावात चालते ती फक्त कीबोर्डवरची आखूड रेघ. तीस वर्षे चिन्हे तपासणाऱ्या माझ्या नजरेतून हे सुटले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

२०२० मध्ये टाळेबंदी आली. पर्यटक बंद, स्टॉल बंद, कुरिअर चालू झाल्यावर पुण्या-मुंबईहून ईमेलने मागण्या यायला लागल्या. त्यांतल्याच एका नेहमीच्या गिऱ्हाइकाचा फोन आला: "ताई, दोन डझन बाटल्यांची ऑर्डर पाठवून दहा दिवस झाले, उत्तर नाही." पत्ता तपासला तर त्यांनी रेघ गाळली होती. पत्र त्यांच्याकडे परतही आले नव्हते. म्हणजे त्या दुसऱ्या नावावर, कुणाच्याही नावाने आलेले पत्र ठेवून घेणारी पेटी असणार. अशी आणखी किती पत्रे तिकडे गेली ते कळायला मार्ग नाही. चुकलेला पाहुणा निदान दुसऱ्यांदा वाट शोधतो. चुकलेल्या पत्राचे तसे नाही. पाठवणारा समजतो की पोचले, आणि आपल्याला ते निघाले होते हेच माहीत नसते. रेघेचे नाव घेणाऱ्या प्रत्येकाने या एका गोष्टीचा विचार आधी करावा, बाकीचे सगळे नंतर.

मधल्या काळात एका ओळखीच्या मुलाने मला धीर दिला होता की रेघेमुळे गूगलमध्ये आपण वर येऊ, कारण गूगलला शब्द सुटे दिसतात. हे अर्धेमुर्धे खरे होते, आणि तेही जुन्या काळचे. एकेकाळी लोक चार-चार, पाच-पाच शब्द रेघांनी ओवून नावे घ्यायचे, 'स्वस्त-हॉटेल-अमुक-गाव' अशा थाटाची, आणि शोधात वर यायचे. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने आपली पद्धत बदलली आणि निव्वळ नावाच्या जोरावर वर येणाऱ्या हलक्या संकेतस्थळांचा तो फायदा काढून घेतला. हे आम्ही रेघेचे नाव घेण्याच्या आधीच झाले होते. रेघ असल्याची गूगल शिक्षा देत नाही, पण बक्षीसही देत नाही. माणसांच्या मनात मात्र त्या लांबलचक रेघाळ नावांचा संशय उरला आहे. दोन-तीन रेघांचे नाव दिसले की मी स्वतः पैसे भरायला कचरते.

डॉट कॉमच्या पुढच्या, म्हणजे आतल्या पानांच्या पत्त्यांची गोष्ट वेगळी. तिथे रेघ हवीच. 'सोलकढी-कशी-करावी' असे पान असेल तर शब्दांमध्ये आखूड रेघ घालावी, खालची रेघ नको, असे गूगलच सांगते. आतल्या पानाचा पत्ता कुणी तोंडाने सांगत नाही, त्यावर बोटाने टिचकी मारतात. तिथे रेघ डोळ्यांच्या उपयोगाची आहे आणि कानाला तिचा त्रास नाही. दाराच्या पाटीवरचे नाव निराळे, घरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या निराळ्या.

भाच्याने मधेच विचारले, "मग मर्सिडीज-बेंझ? कोका-कोला?" प्रश्न चांगला होता. त्यांच्या संकेतस्थळांच्या नावात रेघ आहे हे खरे, पण ती त्यांच्या मूळ नावातच आहे. लोकांनी ती पाट्यांवर आणि बाटल्यांवर आयुष्यभर पाहिली आहे, कुणाला सांगावी लागत नाही. जर्मनीत तर रेघेची नावे सर्रास दिसतात, तिथल्या भाषेला लांब जोडशब्दांची आणि त्यांतल्या रेघेची सवय आहे. आणि कधी कधी रेघ इभ्रतही राखते: एक्सपर्ट्स एक्सचेंज नावाच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाचे नाव इंग्रजीत जोडून लिहिले की भलत्याच ठिकाणी तुटून लाजिरवाणा अर्थ निघायचा, म्हणून त्यांनी मध्ये रेघ घेतली. तेव्हा रेघ वाईट असे मी म्हणत नाही. तिला कारण हवे. आम्हाला कारण होते, दोन ए. ते पुरेसे आहे असे मला वाटले होते.

२०२१ मध्ये जोडून लिहिलेल्या नावाच्या मालकाने मुदत वाढवली नाही. मुदत संपली म्हणून नाव दुसऱ्या दिवशी मोकळे होत नाही. डॉट कॉमच्या नावाला आधी ४५ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, मग जुन्या मालकाला जादा पैसे भरून नाव सोडवायला ३० दिवस, आणि त्यानंतर ५ दिवस ते कुणालाच मिळत नाही. मी छापखान्याच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीने खुणा केल्या आणि वाट बघितली. मिळाले! त्या दिवशी मी नणंदेला फोन केला तेव्हा ती पाटाचे पाणी पोफळींना वळवत होती. ती काही बोललीच नाही, नुसते पाणी ऐकू येत होते.

मग रेघेच्या नावावर येणाऱ्याला नव्या नावाकडे कायमचे वळवले (याला ३०१ म्हणतात, संकेतस्थळ करून देणाऱ्याला एवढा आकडा सांगितला तरी पुरतो). जुन्या ईमेल पत्त्यांवरची पत्रे नव्या पेटीत यायची सोय केली. मला वाटले, संपले.

पण दोन ए तिथेच होते. २०२३च्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळे घर एकत्र जमले होते. दुपारी जेवणे झाल्यावर मी एकेकाला स्वयंपाकघरात बोलावले, नाव एकदाच तोंडाने सांगितले आणि मोबाइलवर लिहायला लावले. आधी साधे नाव, मग रेघेचे. अकरा माणसे. रेघेचे नाव बरोबर लिहिणारे तिघे. साधे नाव बरोबर लिहिणारे सहा, आणि उरलेल्या पाचांनी एकच ए लिहिला. म्हणजे रेघ काढून फायदा झाला, पण ज्या कारणासाठी मी ती घातली होती ते कारणही खोटे नव्हते. दुसऱ्या दिवशी मी एका ए-चे नावसुद्धा विकत घेतले आणि तेही वळवले. आता तीन नावांचे पैसे भरतो.

सासूबाई गणपतीपुढच्या माटोळीखाली, फळाफुलांच्या मांडवीखाली, बसून हे सगळे बघत होत्या. त्यांनी मला विचारले, अडते कुठे? मी कागदावर अक्षरे काढून दाखवली. त्यांचे शिक्षण मराठी शाळेतले, तेही चौथीपर्यंत. त्यांनी कागद फिरवला आणि म्हणाल्या, "उरफाटें कर गो. पयलीं आगळ, मागीर गोंय."

आगळ गोवा. एल आणि जी शेजारी. दोन ए नाहीत, रेघेची गरज नाही, कुठेही तुटत नाही. दहा वर्षे मी दोन शब्दांच्या मध्ये काय घालावे हा विचार करत होते. शब्दच उलटे ठेवता येतात हे माझ्या मनात आले नव्हते. तोपर्यंत बाटल्या, पाट्या, लोकांच्या ओठांवरचे नाव सगळे ठरून गेले होते, त्यामुळे आम्ही बदलले नाही. मनात ते राहिले आहे.

देवनागरीत हा घोटाळा होतच नाही, हेही मला तेव्हा दिसले. 'गोवाआगळ' लिहा. स्वतंत्र 'आ' दिसला की नवा शब्द सुरू झाला हे डोळ्याला कळते, आपल्या लिपीत ते आपोआप होते. २०१४ पासून डॉट भारत या शेपटाची देवनागरी नावे मिळतात, मराठी आणि कोकणी दोन्हीसाठी. गंमत म्हणजे संगणकांच्या आपापसातल्या बोलण्यात असे प्रत्येक देवनागरी नाव इंग्रजी अक्षरांत उतरते आणि त्याची सुरुवात एक्स, एन आणि लागोपाठ दोन रेघा अशी होते. त्या रेघा कुणाला लिहाव्या लागत नाहीत, सांगाव्या लागत नाहीत. रेघेची योग्य जागा मला तीच वाटते. देवनागरी नाव आम्ही अजून घेतले नाही, कारण पुष्कळशा फॉर्मवर देवनागरी ईमेल पत्ता अजून स्वीकारत नाहीत. पण एक दिवस बाटलीवर तेच छापायचे आहे.

भाच्याच्या यादीकडे वळलो. त्याला कुळागर बघायला येणाऱ्यांसाठी संकेतस्थळ करायचे आहे. चारांपैकी दोन नावांत रेघ होती, आणि ती घालायचे एकमेव कारण म्हणजे जोडून लिहिलेले नाव दुसऱ्याकडे होते. ती दोन मी लगेच काटली. दुसऱ्याच्या चालत्या दुकानाच्या नावात रेघ घालून आपले नाव करणे मला पटत नाही, आणि कायद्यालाही ते पटेलच असे नाही. संकेतस्थळाच्या नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले आहे. एक रेघ घातली म्हणून नाव निराळे झाले, ही सबब भांडणात टिकणे कठीण. उरलेल्या दोनांपैकी एकात तीन शब्द होते. शेवटच्यात दोन, पण जोडावर एकच अक्षर दोनदा. मी काही बोलले नाही, फक्त त्याला आजीने कागद कसा फिरवला ते सांगितले. त्याने शब्द उलटे केले, मोठ्याने म्हटले, पुन्हा म्हटले, मग बाहेर जाऊन मशीनवरच्या आमच्या माणसाला फोन लावून नाव सांगितले. मशीनच्या आवाजात. त्याने पहिल्या खेपेला बरोबर लिहिले.

डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही त्याने तिथेच बसून घेतले. जाता जाता म्हणाला, "मामी, आता आईच्या रेघेच्या नावाचे पैसे भरायचे सोडून द्यायला हरकत नाही ना?"

मी त्याला संगणकाकडे बोलावून गेल्या महिन्यातले एक पत्र दाखवले. बेळगावच्या एका बाईंचे. त्यांच्या आईने काही वर्षांपूर्वी लोकोत्सवातून आणलेली बाटली त्यांनी तिळाचे तेल ठेवायला वापरली होती, चिठ्ठी अजून शाबूत. आई आता अंथरुणाला खिळून आहेत, जेवण जात नाही, पण फुटी कढी, म्हणजे नारळाच्या रसाशिवायची आगळाची कढी, मागतात. आगळ मिळेल का? पत्र बाटलीवरच्या पत्त्यावर आले होते, रेघेसकट. नाव सोडले असते आणि दुसऱ्या कुणी ते घेतले असते, तर हे पत्रही त्याच्या पेटीत गेले असते.

त्याने ते पत्र दोनदा वाचले. मग खिशातून कार्ड काढून रेघेच्या नावाचे पुढच्या दहा वर्षांचे पैसे भरले.